संगणकीय दस्तऐवजांतील अदृश्य पुष्पिका

जुन्या पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव, स्थळ व शक नोंदवितो. त्या पुष्पिकेवरून पोथीची परंपरा ठरविण्याचा आपला परिपाठ आहे. संगणकावर सिद्ध झालेल्या दस्तऐवजांतही अशी पुष्पिका असूं शकते. मात्र ती लिहिणाराच्या नकळत उमटते आणि पडद्यावर दिसत नाहीं. ती वाचण्याचें एक साधें साधन म्हणजे युनिक्स परंपरेंतील ‘स्ट्रिंग्ज’ ही आज्ञा होय. संग्रहांत आतां कागदांबरोबर जुन्या फ्लॉपीही येतात. म्हणून या साधनाचें बल व मर्यादा आम्ही येथें मांडीत आहों.

बायनरी फाइलींत अक्षरांबरोबर टंक, मांडणी, जतनाची नोंद इत्यादि दर्शविणारे बाइट मिसळलेले असतात. ‘स्ट्रिंग्ज’ त्यांचा अर्थ लावीत नाहीं. छापतां येण्याजोगीं निदान चार रोमन अक्षरें, अंक वा चिन्हें सलग आढळलीं कीं तेवढा तुकडा ती बाहेर काढते. ‘एन’ या पर्यायानें चाराची मर्यादा बदलतां येते. ‘टी’ या पर्यायानें तो तुकडा कितव्या बाइटावर आहे तें कळतें. हा आंकडा म्हणजे संशोधकाचा पत्रांकच होय.

अशा दडलेल्या नोंदींचें महत्त्व दाखविणारें प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील आहे. फेब्रुवारी २००३ मध्यें ब्रिटिश पंतप्रधानांच्या कचेरीनें इराकसंबंधीं एक टिपण वर्ड फाइलीच्या रूपानें प्रसिद्ध केलें. केंब्रिजचे ग्लेन रंगवाला यांनीं तें पूर्वप्रसिद्ध लेखनाशीं ताडून पाहिलें, तेव्हां त्याचा मोठा भाग इब्राहिम अल-मराशी यांच्या २००२ सालच्या लेखांतून, मूळच्या दोषांसह, उतरून घेतल्याचें निष्पन्न झालें. पुढें रिचर्ड स्मिथ यांनीं त्याच फाइलींतील जतन-नोंद उघड केली. शेवटच्या दहा वेळां ती कोणत्या वापरनांवानें व कोठें जतन झाली हें तींत होतें. ती फ्लॉपीवर उतरविल्याचीही खूण होती. वर्डच्या त्या काळच्या फाइलींत अशीं नांवें सोळा-बिटी संकेतांत असतात व प्रत्येक रोमन अक्षरामागून एक शून्य बाइट येतो. म्हणून साध्या आज्ञेस तीं दिसत नाहींत, ‘ई’ पर्यायास ‘एल’ जोडावा लागतो.

या दोन पुराव्यांची योग्यता भिन्न आहे. मजकूर उसना असल्याचें समान दोषांनीं सिद्ध केलें. जतन-नोंदीनें फाइल कोणाकोणाच्या हातून गेली एवढेंच दाखविलें. जतन करणारा तोच कर्ता असें मानणें म्हणजे नकलकारास ग्रंथकार समजणें होय.

मराठी मजकुराच्या बाबतींत धोका अधिक आहे. यूटीएफ-८ संकेतांत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचें असतें व ते तिन्ही रोमन संकेताच्या पलीकडचे असतात. साधी आज्ञा ते वगळते. उलट, युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेला मराठी मजकूर बहुधा रोमन अक्षरांच्या निरर्थक जंजाळासारखा दिसतो, आणि टाकाऊ समजून फेकला जाण्याचा संभव असतो.

तात्पर्य, कांहीं सांपडलें नाहीं यावरून कांहीं नव्हतें असें ठरत नाहीं. मूळ फ्लॉपीची तंतोतंत नक्कल करून नकलेवरच काम करावें, आणि वाचनाबरोबर बाइटांक व वापरलेले पर्याय नोंदवावेत. न वाचलेला मोडी रुमाल रद्दींत जाऊं नये म्हणून जी दक्षता आपण घेतों, तीच येथेंही हवी.