सीमेवरून अंतरंगाकडे

इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहरात १८२८ साली एक गणिताचा निबंध वर्गणी गोळा करून छापला गेला. वीज व चुंबकत्व यांच्या सिद्धान्तांना गणित कसे लावावे, हा त्याचा विषय. किंमत साडेसात शिलिंग. वर्गणीदार सुमारे पन्नास. लेखक जॉर्ज ग्रीन हा शेजारच्या स्नेन्टन येथे वडिलांच्या पवनचक्कीत काम करी. शाळेचे तोंड त्याने लहानपणी जेमतेम वर्षभर पाहिले होते.

ग्रीनने सांगितले काय? पाण्याला जशी पातळी, तसे विजेला विभव. एखाद्या बंदिस्त जागेत विद्युद्भार नसेल, तर आतील प्रत्येक बिंदूचे विभव केवळ सीमेवरील स्थितीवरून काढता येते. एका बिंदूवरील भाराचा परिणाम सर्वत्र कसा पोचतो, हे आधी ठरवावे. मग तशा परिणामांची सीमेभर बेरीज करावी. शेतात पाऊल न टाकता बांधावरून फिरून आतले पीक सांगावे, तसा हा प्रकार. मात्र येथे अंदाज नसून चोख हिशेब आहे.

वर्गणीदारांपैकी सर एडवर्ड ब्रॉमहेड यांनी त्या निबंधाचे मोल ओळखून ग्रीनला पत्र लिहिले. ते निव्वळ सौजन्य असावे, अशी समजूत होऊन ग्रीनने दीड वर्षाहून अधिक काळ उत्तरच धाडले नाही. पुढे त्यांच्याच प्रोत्साहनाने तो १८३३ साली, वयाच्या चाळिशीत, केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाला. १८४१ साली तो निवर्तला, तेव्हा त्याचा निबंध जवळजवळ विस्मृतीतच होता. १८४५ साली तरुण विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्या हाती त्याची प्रत आली. त्यांनी ती पॅरिसच्या गणितज्ञांना दाखविली आणि १८५० पासून बर्लिनच्या प्रसिद्ध गणित-नियतकालिकात निबंध पुन्हा छापविला.

विजेचा हा विचार पुढे लवचिक पदार्थांनाही लागू पडला. भाराखाली तुळई किती वाकेल, तिच्या अंतरंगात ताण किती येईल, हेही पृष्ठभागावरून सांगता येते. इटलीच्या बेट्टी यांनी १८७२ साली मांडलेला सिद्धान्त या कामी पायाभूत ठरला. स्वीडनच्या फ्रेडहोम यांनी १९०३ साली अशा समीकरणांची उपपत्ती सिद्ध केली. तरी वाकड्यातिकड्या आकारांची आकडेमोड हाताने उरकणारी नव्हती. ती गणकयंत्रांमुळे शक्य झाली. १९६३ साली जॅसवन व सिम यांनी विभवाचे, तर १९६७ साली रिझो यांनी लवचिकतेचे प्रश्न या मार्गाने सोडविले. हीच आजची सीमा-घटक पद्धती.

घनाकृती ठोकळ्याच्या प्रत्येक कडेचे १०० भाग केले, तर आत १० लक्ष लहान ठोकळे होतात. पृष्ठभागावर मात्र चौकोन ६०,००० च. हा मोठाच लाभ होय. परंतु त्याचे मोल द्यावे लागते. येथे प्रत्येक चौकोनाचा संबंध इतर प्रत्येकाशी येतो. म्हणजे साध्या रीतीने ३६० कोटी आकडे मांडावे लागतात. पदार्थ जागोजागी निराळ्या गुणाचा असेल, तर ही रीत अवघड होते. उलट, बोगद्याभोवतीच्या दूरवर पसरलेल्या खडकासाठी ती फार सोयीची. कारण अफाट विस्तार न मोजता बोगद्याची भिंत मोजली की पुरते.

१९४७ साली आगीत सापडलेली स्नेन्टनची पवनचक्की दुरुस्त होऊन १९८६ पासून पुन्हा पीठ दळू लागली. १९९३ साली वेस्टमिन्स्टर अॅबेत ग्रीनची स्मृतिशिला बसली. पन्नास वर्गणीदारांत एक जाणता वाचक निघाला, आणि तेवढ्याने एका गिरणीवाल्याला विद्येच्या दालनाची वाट सापडली.