मुक्ताईचा डोह आणि विनयातील स्नानविचार

चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर तालुक्यात, डोमा गावाजवळच्या डोंगरात मुक्ताईचा धबधबा आहे. पावसाळ्यात कड्यावरून पाणी कोसळते, खालचा डोह भरतो आणि दूरदूरची माणसे त्यात उतरतात. अशा स्नानाविषयी विनयपिटक काय सांगते हे पाहण्याजोगे आहे, कारण त्यातील एक अनुज्ञा थेट आपल्या प्रदेशाला लागू पडते.

राजगृहाच्या तपोदा येथे भिक्खू अंधार पडेपर्यंत स्नान करीत राहिले. बिंबिसार राजा आपली पाळी येईपर्यंत थांबला, तोवर नगराचे दरवाजे बंद झाले आणि त्याला रात्र बाहेर काढावी लागली. या प्रसंगावरून पंधरवड्याच्या आत पुन्हा स्नान करू नये, असे शिक्खापद झाले. पुढे उन्हाळा, आजार, काम, प्रवास, वारा-पाऊस असे अपवाद त्यात आले. श्रावस्तीची कथा अधिक रंजक आहे. अचिरवती नदीत सतरा जणांच्या गटातील भिक्खू जलक्रीडा करताना पसेनदी राजा व मल्लिकादेवी यांनी प्रासादावरून पाहिले. राजाने तक्रार केली नाही. त्याच भिक्खूंच्या हाती भगवंतांसाठी गुळाचा गोळा पाठवला! राजाने तुम्हाला कोठे पाहिले, असे भगवंतांनी विचारले तेव्हा भिक्खूंनी जलक्रीडेची गोष्ट सांगितली. त्यानंतर पाण्यात खेळणे हा भिक्खूंसाठी दोष ठरला. मात्र काही काम असताना पाण्यात उतरून बुडी मारणे, वर येणे, पोहणे यात दोष नाही, असे विभंगात स्पष्ट म्हटले आहे. निषेध पाण्याचा वा पोहण्याचा नाही, भिक्खूच्या थिल्लरपणाचा आहे.

आता त्या अनुज्ञेकडे वळू. अवंती-दक्षिणापथात राहणाऱ्या महाकच्चान थेरांनी आपला शिष्य सोण कुटिकण्ण याच्याकरवी भगवंतांना विनंती केली, की येथील लोक स्नानाला फार महत्त्व देतात, तेव्हा येथे रोज स्नानाची मोकळीक असावी. भगवंतांनी सर्व प्रत्यंत जनपदांसाठी ती मान्य केली, असे महावग्गात आहे. मध्यदेशाच्या सीमांबाहेरचा सारा दक्षिण प्रदेश त्यात येतो. वैनगंगा-वर्धेचे खोरेही आलेच.

या विनंतीत लोकांना ‘उदकसुद्धिक’ म्हटले आहे, म्हणजे पाण्याने शुद्धी मानणारे. भगवंतांनी स्नानाला संमती दिली, या समजुतीला कधीच दिली नाही. थेरीगाथेतील पुण्णिका ही पाणी भरणारी दासी. थंडीत कुडकुडत नदीत उतरणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, की पाण्याने पाप जात असेल तर बेडूक-कासवे स्वर्गाला जातील काय? आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेणार नाही काय?

पाणी पाप धुते असे मानले, की कोणाच्या तरी स्पर्शाने ते बाटते हेही मानावे लागते. या दोन समजुती वेगळ्या काढता येत नाहीत, असे मला वाटते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी व त्यांच्या अनुयायांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्यातून 108 घागरी पाणी काढून, शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून ते पुन्हा तळ्यात ओतले आणि तळे ‘शुद्ध’ झाल्याचे जाहीर केले. पुण्णिकेचा प्रश्न तेथेही लागू होता. तळ्यावरील हक्काचा उच्च न्यायालयातील निकाल मार्च 1937 मध्ये लागला.

भद्रावतीच्या विजासन लेण्यांत बौद्ध भिक्खूंचा निवास होता. महावग्गाची ही अनुज्ञा त्यांच्या परंपरेत असेल, तर ते रोज स्नान करीत असतील. म्हणून या डोंगरांतील प्रत्येक डोहाला प्राचीन बौद्ध स्थळ ठरवणे योग्य नव्हे. लेख वा अवशेष नसताना असे म्हणणे इतिहासाला धरून होत नाही, आणि मुक्ताई हे माना आदिवासींचे श्रद्धास्थान आहे. तेथे जाणाऱ्या उपासकाला जलक्रीडेचे शिक्खापद लागू नाही. त्याने पाण्याचा जोर पाहून खुशाल पोहावे.