तलंगांना जागा दाखवावी लागते : खुराडं, पिंजरा आणि परत खुराडं



मागच्या महिन्यात आठ तलंगा आणल्या. सुधारित गावरान, साधारण पाच महिन्यांच्या, शेडमध्ये वाढलेल्या. त्यांच्यासाठी फळ्या ठोकून दोन खोकी केली, आत गव्हाचा भुसा टाकला. म्हटलं, आता रोज सकाळी हात घालायचा अन् अंडी काढायची. दहा दिवस खोक्यात एक अंडं नाही. अकराव्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. "भाऊ, तुमच्या कोंबड्या आमच्या पत्र्यामागं अंडी घालायल्यात. सडून वास सुटलाय. एखादं मुंगूस नाहीतर साप यायचा. बंदोबस्त करा, नाहीतर कोंबड्या काढा." जाऊन बघितलं तर चौदा अंडी. नऊ फेकून द्यावी लागली.

मुकुंदवाडीच्या जुन्या गावठाणात राहणाऱ्याला यातली अडचण सांगायला नको. भिंतीला भिंत लागून आहे. सत्तरच्या दशकात शेजारी सिडको उभं राहिलं, १९८२ ला महापालिका झाली, अन् आजूबाजूची रानं बघता बघता प्लॉट झाली. कोंबड्या पाळायच्या तर शेजाऱ्याच्या मर्जीनं. तेव्हा अंडी कुठं पडतात यावर कोंबड्या राहणार का जाणार, हे ठरणार होतं.

मी काठी घेऊन तलंगांच्या मागं लागलो तेव्हा आई ओट्यावरून म्हणाली, "मारू नको रं तिला. जागा दाव." या एका वाक्यामागं केवढा इतिहास आहे, तो वाचत गेलो. तोच आज लिहितो.

आपली कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबडीची लेक. रानकोंबडी घरटं विणत नाही. झुडपाखाली पायानं उकरून खळगा करते, वाळला पाला ओढते अन् तिथं घालते. अंधार, आडोसा, खाली मऊ, अन् पाठीमागून कुणी येणार नाही अशी जागा. थायलंडमध्ये बान नॉन वाट इथं सापडलेल्या हाडांवरून संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलं, की भातशेती अन् धान्याच्या ओढीनं हा पक्षी साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास माणसाजवळ आला. दाण्यासाठी जवळ आला खरा, पण अंडं लपवायची खोड रानातलीच राहिली. शेजारच्या काकूंचा पत्रा म्हणजे माझ्या तलंगेच्या हिशेबानं उत्तम झुडूप.

जुन्या बायकांनी ही खोड मोडली नाही, वापरून घेतली. आईच्या माहेरी कोंबडी घरात घिरट्या घालायला लागली, कोपरे हुंगायला लागली, की ओळखायचं, ही घालणार. मग तिला डाल्याखाली झाकायची, नाहीतर उतरंडीच्या आडोशाला जुनी पाटी ठेवून तिच्यात भुसकट टाकायचं. सगळी अंडी कधी उचलायची नाहीत, एक तिथंच ठेवायचं. त्या अंड्याला बघून दुसरीही तिथंच बसायची. पुढं खुडूक झाली की त्याच पाटीत अंड्यांवर बसवायची. म्हणजे अंडी घालायची जागा अन् पिल्लं काढायची जागा एकच. अंड्याचे पैसे बाईच्या गाठीला. मीठ-मिरची, पोरांच्या वह्या त्यातूनच.

मग कोंबडीच्या घरट्यात हिशेबनीस शिरला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत सापळ्याचं खोकं वापरात आलं. कोंबडी आत गेली की दार पडायचं. माणूस येऊन तिच्या पायातल्या कडीवरचा नंबर वहीत लिहायचा अन् तिला सोडायचा. कोणती कोंबडी वर्षाला किती घालते, ते पहिल्यांदा नीट कळायला लागलं. मेन राज्याच्या शेती प्रयोग केंद्रात १८९८ पासून अशी निवड चालली होती. जास्त घालणारीच्याच पिल्लांतून पुढची पिढी धरायची. पण १९०७ मध्ये तिथं आलेल्या रेमंड पर्ल यांनी वह्या तपासल्या तर कळपाची सरासरी काही वाढलेली नव्हती. आईचा आकडा बघून भागत नाही, घराणं तपासावं लागतं, हा धडा तिथून मिळाला. १९१३ मध्ये ओरेगनच्या कृषी महाविद्यालयात जेम्स ड्रायडन यांच्या एका कोंबडीनं वर्षात ३०३ अंडी दिली. तिचं नाव लेडी मॅकडफ. तीनशेचा आकडा म्हणजे तेव्हा केवढी गोष्ट!

खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही. उबवायला यंत्र आलं तशी खुडूक होणारी घराणी अंड्याच्या धंद्यातून गाळली गेली. १९३० च्या दशकापासून तिकडं तारेचे पिंजरे पसरले. उतरता तळ, अंडं घातलं की गडगडत पुढच्या पन्हाळीत. घरट्याची गरजच संपली. आपल्याकडं १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, १९८२ मध्ये एनईसीसी स्थापन झाली, अन् महाराष्ट्रात अंडं हा मोठा धंदा झाला. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. स्वस्त अंडं गरिबाच्या ताटात त्यामुळंच आलं. पण घरट्याची विद्या त्या वाटेवर मागं पडली.

माणूस विसरला, कोंबडी मात्र विसरली नव्हती. १९६० च्या दशकात एडिनबरोत वुड-गश आणि गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की घरटं शोधायची ओढ आदल्या दिवशीच पोटात ठरते. बलक जिथून सुटतो ती अंडाशयातली रिकामी पिशवी काढून टाकली, तर कोंबडीचं घरटं शोधणंच बिघडतं. म्हणजे ही खोड हट्टाची नाही, अंगातली आहे. पिंजऱ्यातली कोंबडीसुद्धा घालायच्या आधी येरझाऱ्या घालते. याचा विचार होऊन युरोपीय संघानं १९९९ मध्ये कायदा केला अन् १ जानेवारी २०१२ पासून साधे पिंजरे बंद केले. मोकळ्या पद्धतीत दर ७ कोंबड्यांमागं एक घरटं हवं असा त्यात नियम आहे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ते असं.

आता माझ्या तलंगांकडं येतो. यंत्रात उबलेल्या, आईमागं कधी न फिरलेल्या, शेडात वाढलेल्या. ओढ अंगात आहे, पण कुठं बसायचं ते दाखवणारी जुनी कोंबडी सोबत नाही. अन् माझी खोकी कुठं? उन्हात, दारासमोर, माणसांच्या येण्याजाण्यात. चूक माझी होती.

मग आईच्या सांगण्यानं असं केलं :

• खोकी खुराड्यातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात नेली. फूटभर लांब-रुंद-उंच, चार कोंबड्यांमागं एक. पुढं पोत्याचा अर्धा पडदा.
• खोकी बसायच्या दांडीपेक्षा खाली ठेवली. वर असली की रात्री तिथंच झोपतात अन् घाण करतात.
• तळाला चार बोटं भुसा, पुढं आडवी पट्टी, म्हणजे उकरून बाहेर काढत नाहीत. उवा-पिसवा होऊ नयेत म्हणून आठवड्याला भुसा बदलायचा.
• प्रत्येक खोक्यात अंड्याएवढा पांढरा गुळगुळीत दगड ठेवला. खरं अंडं फुटलं तर कोंबडीला खायची चटक लागते.
• पाच दिवस सकाळी अकरापर्यंत कोंबड्या आतच ठेवल्या. दाणा-पाणी आत. बहुतेक अंडी सकाळीच पडतात.
• जमिनीवर पडलेलं अंडं लगेच उचललं, तो कोपरा विटा लावून बंद केला.
• काकूंच्या पत्र्यामागची जागा स्वतः झाडून दिली अन् जाळी मारली.

तिसऱ्या दिवशी एक तांबडी तलंग खोक्यात शिरली, बाहेर आली, परत शिरली. अर्ध्या तासानं ओरडत बाहेर. दगडाशेजारी गरम अंडं होतं. आठवड्यानं आठातल्या सहा खोक्यात घालायला लागल्या. एक अजून कडब्याच्या पेंढीवरच बसते. तिला तिथंच टोपली ठेवली, तीन-चार दिवसांनी थोडी थोडी सरकवतोय. आठवीनं अजून सुरुवातच केलेली नाही.

पुढच्या वेळी खोकी अंड्यांच्या दोन-तीन आठवडे आधीच लावणार, हे वहीत लिहून ठेवलंय.

पहिली सहा अंडी आईनं काकूंकडं पाठवली. काकूंनी वाटी परत दिली ती रिकामी नाही, शेंगदाण्याची चटणी घालून. कोंबड्या राहिल्या.

तुमच्या घरी आई-आजी कोंबडीला जागा कशी दाखवायच्या? लिहून ठेवा मंडळी. ही विद्या कुठल्या वहीत नाही.