असं काहून होते?



मागच्या महिन्यात आम्ही घुग्घुसच्या एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हिशेब झाला, चहा झाला, आणि उठता उठता एक ताई म्हणाली, "खाणीत ब्लास्टिंग झालं का आमच्या फळीवरचे भांडे आधी वाजते, आवाज मंग येते. असं काहून होते?" दोघी-तिघी हसल्या. तशी तीच म्हणाली, "जाऊ द्या बाई, येड्यावानी विचारलं."

आम्हाला ते "जाऊ द्या" लागलं. कारण भांड्यांचा हा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे, आणि असे प्रश्न मराठीत कोणी विचारले, कोणी त्यांना उत्तरं दिली, याला पावणेदोनशे वर्षांहून जुना इतिहास आहे. आज तोच सांगायचा आहे. भांडी विसरलेलो नाही, त्यांच्याकडे येतोच.

मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' नावाचं मासिक काढलं. मराठीतलं हे पहिलं मासिक. भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन असे विषय साध्या मराठीत सांगावेत, हा त्याचा हेतू. पण वाचणार कोण? पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती १८४८ साली, म्हणजे आठ वर्षांनी. चूल फुंकताना ज्वाळा वरच का जाते हे रोज बघणारी बाई या मासिकाच्या वाचकांत जवळजवळ नव्हतीच.

पुढं १९२८ साली पुण्यात 'सृष्टिज्ञान' मासिक सुरू झालं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक गो. रा. परांजपे ते सुरू करणाऱ्यांपैकी एक होते. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी प्रकाशाबद्दलचा आपला मोठा शोध लावला. त्यासाठी १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. या कामाची एक सुरुवात कुठं होती, सांगू? १९२१ साली बोटीनं इंग्लंडहून परतताना रामन यांना प्रश्न पडला, समुद्र निळा का दिसतो? तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणत की पाण्यात आभाळाचा रंग दिसतो, बाकी काही नाही. रामन यांना ते पटलं नाही. पाणी स्वतःही प्रकाश विखुरतं, हे त्यांनी दाखवून दिलं. एखाद्या लेकरानं विचारावा तसा हा प्रश्न. त्यांना कोणी "जाऊ द्या" म्हटलं नाही.

आता याच रामन यांची दुसरी गोष्ट. १९३३ साली कमला भागवत नावाची मराठी मुलगी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेली. लेखिका दुर्गा भागवतांची ही बहीण. मुंबई विद्यापीठात रसायन आणि भौतिकशास्त्र घेऊन ती पहिली आली होती. रामन तेव्हा संस्थेचे प्रमुख. त्यांनी नकार दिला. कारण एकच, ती मुलगी होती. कमलाबाई घरी परतल्या नाहीत. मला का नाही, हे विचारत त्या अडून बसल्या. शेवटी अटी घालून, वर्षभर काम बघून मग ठरवू असं म्हणत, प्रवेश मिळाला. त्यांचं काम पाहिल्यावर रामन यांचं मत बदललं आणि पुढं तिथं इतर मुलींनाही वाट मिळाली. पण तो अपमान कमलाबाई विसरल्या नाहीत. आणि का विसराव्यात? १९३९ साली केंब्रिजची पीएचडी मिळवून त्या विज्ञानात ती पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. लग्नानंतरचं त्यांचं नाव कमला सोहोनी. उतारवयात त्या मुंबईतल्या ग्राहकांच्या संस्थेत काम करत होत्या. अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखायची, हे त्या बायकांना सांगत.

प्रश्नाला घरपोच उत्तर देणारा माणूस मात्र आम्हाला जयंत नारळीकरांमध्ये दिसतो. कोल्हापुरात जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले, ताऱ्यांचा आणि विश्वाचा अभ्यास करणारे. पुण्यात आयुका ही संस्था त्यांनी उभी केली. कुठंही गेले की मुलं सहीसाठी वह्या पुढं करायची. नारळीकर म्हणायचे, वहीत सही देत नाही. पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर लिहून खाली सही करून पाठवीन. आणि खरंच पाठवायचे. एवढ्याशा कार्डावर आडपडदा ठेवायला जागाच नसते, नेमकंच लिहावं लागतं. २० मे २०२५ रोजी ते गेले. कुणाकुणाच्या घरी ती कार्डं अजून जपलेली असतील.

तर भांडी. ब्लास्टिंग झालं की थरथर जमिनीतून निघते आणि आवाज हवेतून. दगडातून थरथर सेकंदाला दोन-तीन किलोमीटर, कधी त्याहून जास्त धावते. हवेतल्या आवाजाला मात्र एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून भांडी आधी. मागून आवाज आला की कधी कधी खिडकीची तावदानंही हलतात, तो हवेचा धक्का. भांडं वाजल्यापासून आवाज येईपर्यंत सावकाश आकडे मोजा आणि तीननं भागा. ब्लास्टिंग साधारण किती किलोमीटरवर झालं, ते कळेल. रोवणीच्या दिवसांत वीज चमकली की असंच मोजता येतं. पण गडगडाट कानावर आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आहोत. तिथं मोजत बसू नका, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा.

घुग्घुसला असे प्रश्न करमणुकीचे नाहीत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इथल्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुनी भूमिगत खाण. अशा खाणीत कोळसा काढताना छत धरायला कोळशाचेच खांब ठेवतात. वर्षानुवर्षं पाणी मुरतं, खांब झिजतात, छताचे थर एकेक करून खाली पडतात आणि पोकळी वर वर सरकत येते. वरच्या अंगणात पुष्कळ वर्षं काहीच दिसत नाही. मग एके दिवशी उरलेला थर एकदम बसतो.

म्हणून आम्ही त्या गटात सांगून आलो, भिंतीला तडा दिसला तर त्याच्या टोकाला पेन्सिलनं रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. तडा रेघेच्या पुढं गेला तर नवी रेघ, नवी तारीख. ब्लास्टिंगची वेळही वहीत टिपा. कुणाकडं विचारायला जाल तेव्हा ही वही सोबत असू द्या.

परवा त्या ताईचा फोन आला. चार दिवस मोजलं म्हणाली. तीन दिवस सहा आकडे झाले, म्हणजे दोन किलोमीटर. चौथ्या दिवशी मात्र चारच झाले.

"मंग खाण इकडं सरकली का वो?"

आम्ही तिला म्हटलं, एका दिवसावरून सांगता येणार नाही, अजून पंधरा दिवस मोजा. ती मोजते आहे.