चेता-आवेग
चेतापेशीच्या पटलावर क्षणभर उठून अक्षतंतूवरून पुढे सरकणारा विद्युत् बदल.

गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरील विजेचे प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. आवेगाची यंत्रणा मात्र हॉजकिन व हक्स्ली यांनी स्क्विडच्या (कोकणातले माकूळ) जाडजूड अक्षतंतूवर काम करून १९५२ मध्ये उलगडली. (पाहा : नोबेल पारितोषिक, १९६३)

विश्रांतीत पेशीची आतील बाजू बाहेरच्या मानाने सुमारे −७० मिलिव्होल्ट असते. ती −५५ च्या आसपास आली, की सोडियमची द्वारे उघडतात, आयन आत घुसतात आणि विभव शून्य ओलांडून धन होतो; मग पोटॅशियम बाहेर पडून तो खाली येतो. सारे एक-दोन मिलिसेकंदांत! आवेग उठला तर पुरता उठतो, नाहीतर नाहीच. मायलिन-आवरण असलेल्या जाड तंतूंत त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत जातो. (पाहा : मायलिन, अनुबंध)

दंतवैद्य टोचतात ते लिडोकेन हीच सोडियम-द्वारे रोखते. (पाहा : स्थानिक बधिरीकरण)