मासे, गुरुत्वाकर्षण आणि छपाईचा खर्च

न्यूटनचे गतीचे तीन नियम आपण शाळेत शिकवतो. ते ज्या ग्रंथात आले त्या ‘प्रिन्सिपिया’चे नाव आणि १६८७ हे साल पुष्कळ विद्यार्थ्यांना पाठ असते. पण हा ग्रंथ छापायला पैसे कोणी दिले? हा प्रश्न वर्गात सहसा येत नाही. तो विचारला, तर त्या काळातले विज्ञान कशाच्या आधारावर चालत होते, हे बरेच उलगडते.

मान होता, पैसा नव्हता

लंडनची रॉयल सोसायटी १६६० साली सुरू झाली. १६६२ मध्ये तिला राजाची सनद मिळाली आणि तिच्याबरोबर पुस्तके छापण्याचा अधिकारही. सनदेने मान मिळाला, अनुदान मात्र मिळाले नाही. फ्रान्समध्ये वेगळी रीत होती. तिथे राजाने १६६६ साली विज्ञान अकादमी स्थापन केली आणि सभासदांना वेतन दिले. लंडनच्या सभासदांना उलट स्वतःच वर्गणी भरावी लागे, आणि कित्येकांची वर्गणी थकलेली असे.

तरीही इथेच एक महत्त्वाची गोष्ट घडली. सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी मार्च १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले, तेही स्वतःच्या जबाबदारीवर. त्याआधी शोध पत्रांतून कळवले जात. आपला शोध कोणी पळवू नये म्हणून गॅलिलिओने १६१० साली शनीबद्दलचे निरीक्षण अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात पाठवले होते. शोध छापून प्रसिद्ध होऊ लागला, तेव्हा तो आधी कोणाला लागला याची नोंद राहू लागली आणि लपवण्याचे कारण कमी झाले. आम्ही संशोधक आज जे शोधनिबंध लिहितो, त्यांची परंपरा इथवर मागे जाते.

माशांचा ग्रंथ

सोसायटीचे सभासद फ्रान्सिस विलबी १६७२ साली वारले. माशांवरचे त्यांचे काम अपुरे राहिले होते. त्यांचे मित्र, निसर्गअभ्यासक जॉन रे यांनी ते पूर्ण केले आणि सोसायटीने ते छापायचे ठरवले. १६८६ मध्ये ‘माशांचा इतिहास’ हा लॅटिन ग्रंथ निघाला.

त्यात चित्रांची १८७ पाने होती. खर्चाचे मूळ तिथेच होते. साधी आकृती लाकडी ठशावर कोरली, की ती शिशाच्या खिळ्यांबरोबर त्याच यंत्रावर छापता येते. पण माशाचे खवले आणि पर बारकाईने दाखवायचे, तर चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरावे लागे. मग ते वेगळ्या यंत्रावर वेगळे छापायचे आणि नंतर पुस्तकात घालायचे. अध्यक्ष सॅम्युअल पीप्स यांनी ५० पौंड दिले, इतर सभासदांनीही मदत केली. ५०० प्रतींसाठी सुमारे ३६० पौंड खर्च आला. पुस्तक खपले नाही आणि तिजोरी रिकामी झाली.

हॅलेची नोकरी

याच वेळी एडमंड हॅले सोसायटीचा कारकून झाला होता. २२व्या वर्षी तो तिचा सभासद झाला होता, पण कारकुनाला सभासद राहता येत नसे, म्हणून जानेवारी १६८६ मध्ये त्याने सभासदत्व सोडले. त्याचे वडील साबणाचे धनिक कारखानदार होते. पण १६८४ साली ते वारले आणि मागे मालमत्तेचे तंटे राहिले. पगार होता वर्षाला ५० पौंड. म्हणजे माशांच्या ग्रंथाचा खर्च त्याच्या सात वर्षांच्या पगाराहून अधिक झाला!

ऑगस्ट १६८४ मध्ये हॅलेनेच केंब्रिजला जाऊन न्यूटनला ग्रहांच्या कक्षांबद्दल विचारले होते. त्या प्रश्नातून ‘प्रिन्सिपिया’ वाढत गेला. एप्रिल १६८६ मध्ये पहिल्या भागाचे हस्तलिखित सोसायटीपुढे आले. मे महिन्यात ठराव झाला, की ग्रंथ सोसायटीच्या खर्चाने छापावा. जूनमध्ये दुसरा ठराव झाला, की हॅलेने तो स्वतःच्या खर्चाने छापावा.

हॅलेने पैसे घातले, मुद्रिते तपासली आणि आकृत्यांकडेही लक्ष दिले. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, ही कल्पना आपली आहे असा दावा रॉबर्ट हूकने केला. तेव्हा न्यूटन रागावला आणि तिसरा भाग छापायचाच नाही म्हणू लागला. भरती-ओहोटी, चंद्राची गती आणि धूमकेतू यांचे विवेचन त्याच भागात आहे. हॅलेने पत्रे लिहून त्याची समजूत घातली. जुलै १६८७ मध्ये ग्रंथ बाहेर आला. मुखपृष्ठावर परवानगी देणारे अध्यक्ष म्हणून पीप्स यांचे नाव होते.

आणि हॅलेचा पगार? सोसायटीकडे रोकड नव्हती. तिने त्याला ‘माशांचा इतिहास’च्या ५० प्रती दिल्या.

पुढेही त्याची वाट सोपी नव्हती. १६९१ साली ऑक्सफर्डला खगोलशास्त्राचे प्राध्यापकपद रिकामे झाले. हॅलेच्या धर्मश्रद्धेबद्दल शंका घेतली गेली आणि ते पद डेव्हिड ग्रेगरीला मिळाले. हॅलेला ऑक्सफर्डचे भूमितीचे प्राध्यापकपद मिळायला १७०४ उजाडले.

वर्गात काय सांगावे?

मासे निवडून सोसायटीने गुरुत्वाकर्षण नाकारले, असे सांगणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. माशांच्या ग्रंथाचा निर्णय झाला तेव्हा ‘प्रिन्सिपिया’ सोसायटीपुढे आलेलाच नव्हता. शिवाय तो ग्रंथही चांगलाच होता. मत्स्यशास्त्रात त्याला मानाचे स्थान आहे.

मुद्दा वेगळा आहे. ‘प्रिन्सिपिया’ला तोलामोलाचा लेखक होता, संस्थेची मान्यता होती, आणि तरीही तो एका माणसाच्या खिशावर अवलंबून राहिला. ज्यांना असा मित्र भेटला नाही, त्यांची हस्तलिखिते कुठे गेली असतील? सोसायटीने ‘ट्रॅन्झॅक्शन्स’चा भार स्वतःकडे घेतला तो १७५२ साली. आजही कित्येक नियतकालिके निबंध छापण्यासाठी लेखकांकडून शुल्क घेतात, आणि ते परवडत नाही अशा प्रयोगशाळा आम्ही पाहतो. गतीचे नियम शिकवून झाले, की पाच मिनिटे ही गोष्ट जरूर सांगा. मग मुलांना विचारा: तुमच्याकडे एकाच पुस्तकापुरते पैसे असतील, तर कोणते पुस्तक छापायचे हे तुम्ही कसे ठरवाल?