दिनविशेष : २८ ऑक्टोबर, चित्रे हलू लागली तो दिवस

पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयात २८ ऑक्टोबर १८९२ रोजी एमिल रेनो यांनी हाताने रंगवलेल्या चित्रांची पट्टी फिरवून पडद्यावर पात्रे हलवून दाखवली. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा यायला अजून तीन वर्षे होती. म्हणून आज जागतिक ॲनिमेशन दिन.

आपल्याकडे हे बीज अक्षरशः कुंडीत रुजले. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या कोंबाची थोडी थोडी वाढ चौकट-चौकट टिपली. मिनिटभरात वेल वर चढताना पाहून पैसा लावणाऱ्यांचा विश्वास बसला आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा मार्ग मोकळा झाला. पुढे १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्याच नाचवल्या. काडी किंचित सरकवायची, एक चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची. केवढी ही चिकाटी! भारतीय ॲनिमेशनचा पहिला मान फाळक्यांनाच द्यायला हवा.

१९३४ मध्ये पुण्याच्या ‘प्रभात’ने ‘जंबू काका’ हा व्यंगचित्रपट काढला. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले. त्यांच्याकडे घडलेले राम मोहन पुढे या कलेचे गुरू ठरले. तेव्हा पारदर्शक तावांवर प्रत्येक हालचाल हाताने रंगवत. संगणकाने ते कष्ट वाचवले.

ढाणकी गावातल्या मुलांनी आज मोबाईल स्थिर ठेवून आगपेटीतल्या काड्या एकेक फोटो घेत सरकवून पाहाव्यात. सेकंदाला दहा-बारा फोटो पुरतात.